मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर का सुटतो?

प्रश्न: संख्याशास्त्राचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम मी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्याच्या स्वाध्यायापाशी अडलो. व्याख्याने उत्तम आहेत; मग तो पुरा का होत नाही?

उत्तर १: २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापकांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली, पण तो पुरा करणारे २३,००० च्या आसपासच होते. अडल्यावर विचारायला जवळ कोणी नसते, हेच मला मुख्य कारण वाटते.

उत्तर २: व्हिडिओ थांबवून प्रत्येक उदाहरण आधी वहीत सोडवू लागले, तेव्हा कुठे माझे गाडे पुढे सरकले.

उत्तर ३: ‘मोफत’ आणि ‘खुले’ यांत फरक आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर केलेल्या ‘ओपनकोर्सवेअर’ या खुल्या अभ्यासक्रमांच्या उपक्रमातील साहित्य उतरवून घेऊन, श्रेय देऊन, विनाव्यावसायिक वापरासाठी भाषांतरितही करता येते. तसे करून दोघातिघांनी मिळून शिकावे.