मित्राच्या प्रसिद्धीत माझी संमती कुठे आहे?

मूळ मत

'घटं भिन्द्यात् पटं छिन्द्यात्' हे सुभाषित अनेकांनी शाळेत हसत हसत पाठ केले असेल. घडा फोडावा, वस्त्र फाडावे, गाढवावर बसावे, पण काहीही करून प्रसिद्ध व्हावे, असा त्याचा आशय. त्यात निदान हसे होते ते स्वतःचे. आपल्याच बरोबरीच्या एखाद्या मित्राला प्रसिद्धीची ओढ लागते तेव्हा मात्र फुटणारा घडा बहुधा दुसऱ्याचा असतो, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

माझी नोकरी गेली त्या आठवड्यात मी एका जुन्या मित्राकडे मन मोकळे करायला गेले होते. त्याचा मोबाइल समोरच पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा होता. अर्ध्या तासाने, डोळे पुसताना, पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका मला दिसला. "प्रकाश तपासत होतो," असे तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. चार दिवसांनी 'खचलेल्या मैत्रिणीला मी कसे सावरले' या मथळ्याचा व्हिडिओ आला. चेहरा धूसर केला होता, पण आवाज माझाच होता, आणि माझ्या आईने तो पहिल्याच वाक्यात ओळखला. जाब विचारला तेव्हा त्याचे उत्तर होते, "तुझे नाव कुठे घेतले आहे मी?"

प्रसिद्धीसाठी काय वाटेल ते करायची तयारी असलेल्या माणसाशी मैत्री टिकवता येते का?

प्रतिसाद १

आपल्या बाबतीत जे घडले तो निखालस विश्वासघात आहे, पण त्याचे खापर प्रसिद्धीच्या इच्छेवर फोडणे मला मान्य नाही. मित्राचे गुपित चारचौघांत सांगणारी माणसे कॅमेरा नसतानाही होतीच.

आजवर सामान्य माणसाचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचायचे, तर संपादक, प्रकाशक किंवा निर्माता यांच्यापैकी कोणीतरी दार उघडावे लागे. २००५ साली यूट्यूब सुरू झाले आणि ते दार बरेच किलकिले झाले. त्यातून मिळकत होणेही सोपे नाही. मोठ्या लांबीचे व्हिडिओ करणाऱ्याला जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर किमान १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण जमवावे लागते. माझी एक मैत्रीण त्यासाठी दोन वर्षे रात्री जागून संकलन करत होती. त्या काळात आम्हा मित्रांपैकी कोणीही तिचा एक व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही, पण 'हिला प्रसिद्धीची हाव सुटली आहे' असे मात्र सगळे म्हणत होतो. मीही म्हणालो होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

प्रतिसाद २

कष्ट करून नाव मिळवणे आणि 'काहीही करून' नाव मिळवणे यांत आपण गल्लत करत आहात. धागा दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

२०१७ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका तरुणाने यूट्यूबवरच्या व्हिडिओसाठी छातीशी जाडजूड ज्ञानकोश धरला आणि आपल्या गरोदर जोडीदारणीला पिस्तूल झाडायला लावले. गोळी पुस्तक भेदून गेली, तरुण दगावला आणि तिला तुरुंगवास झाला. कल्पना त्याची होती, आणि तिची मनधरणी करताना हाताशी होते ते त्यांच्या नात्यातले प्रेमच. परक्या माणसाला आपण सरळ नकार देतो, पण जवळच्या माणसाला 'नाही' म्हणणे म्हणजे त्याच्या स्वप्नाच्या आड येणे असे वाटू लागते. माझ्या मते खरा धोका या संकोचात आहे. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील बातम्यांवरून केलेल्या एका भारतीय अभ्यासात, सेल्फी काढताना जगभरात २५९ मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यांतल्या कितीतरी प्रसंगी शेजारी मित्र उभे असतील, आणि त्यांच्यापैकी कोणाला मागे खेचावेसे वाटूनही ते गप्प राहिले असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

प्रतिसाद ३

मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने आहे, आणि दोष आपल्याकडेही येतो असे मला वाटते. माझा एक मित्र जुनी घड्याळे उघडून त्यांची रचना समजावून सांगत असे. ते व्हिडिओ मोजक्यांनीच पाहिले. एकदा तो स्टुलावरून पडला, त्याने गंमत म्हणून ते चित्रण टाकले आणि आम्ही सर्वांनी ते एकमेकांना पाठवले. त्यानंतर तो मुद्दाम पडू लागला. त्याला तो धडा कोणी दिला?

मूळ मत मांडणारीचे उत्तर

घड्याळांचे उदाहरण मनाला लागले. मीही अशी चित्रणे पुढे पाठवली आहेत, आणि पाठवताना त्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार केलेला नाही. एवढे मी मान्य करते.

मात्र 'तुम्हीच पाहता, म्हणून आम्ही करतो' हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो, कारण स्टुलावरून पडणाऱ्याचे अंग त्याचे स्वतःचे होते आणि माझे रडणे माझे होते. प्रसिद्धीची इच्छा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यासाठी जे खर्ची पडणार आहे ते ज्याचे आहे, त्याला आधी विचारले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. त्या मित्राने विचारले असते, तर कदाचित मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून नोकरी जाण्याबद्दल बोललेही असते.

त्याने तो व्हिडिओ महिन्याभराने काढून टाकला. आम्ही अजून भेटतो. तो आल्या आल्या मोबाइल पालथा ठेवतो, न सांगता, आणि तरीही माझी नजर आधी त्या पेल्याकडेच जाते.