हिप्परगा तलाव: कवड्या खंड्याचा सूर कॅमेऱ्यात सापडत नाही, काय बदलू?

विजापूररोडकर
नमस्कार मंडळी. सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या हिप्परगा तलावावर कवड्या खंड्या भरपूर दिसतात. हवेत एका जागी फडफडणारा पक्षी मला छान मिळतो, डोळासुद्धा टोकदार येतो. तो माशावर सूर मारायला खाली सुटला की मात्र फ्रेममध्ये नुसतं पाणी, नाहीतर शिंतोडे. क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे, १५०-६०० लेन्स कायम ६०० वर. शटर १/२०००, कंटिन्यूअस फोकस, फोकसचा मधला एकच पॉइंट. छातीचा पांढरा भागही जास्त उजेडानं जळतो. मला चोच पाण्याला टेकते तो क्षण हवाय. सेटिंग बदलू की जागा?

बांधावरचा
आधी जागा बदला, सेटिंगचं नंतर बघू.

खंड्या हवेत थांबतो तो वाऱ्याकडं तोंड करून. त्यामुळं वारा तुमच्या पाठीवर असला तरच त्याचा चेहरा मिळणार, नाहीतर शेपटी. आपल्याकडं दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत सकाळचा वारा बहुतेक पूर्वेचा असतो, सूर्यही तिकडंच. म्हणजे पूर्वेच्या काठाला बसा, ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा संध्याकाळी पश्चिमेचा काठ धरा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या पक्ष्याची पिसं कितीही भारी लेन्स असली तरी उमटत नाहीत, म्हणून उजाडायच्या आत जागेवर हवं.

आता फोकस. तुम्ही काय करालाव, तो सुटल्यावर त्याच्या मागं फोकस पळवालाव. गरजच नाही. कवड्या जवळजवळ सरळ खाली पडतो, म्हणजे तुमच्यापासूनचं त्याचं अंतर फारसं बदलत नाही. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला द्या. तो थांबलेला असताना अंगठ्यानं फोकस घ्या आणि अंगठा उचला. मग लेन्स फक्त खाली झुकवायची. पक्षी पंचवीस मीटरवर असेल तर ४०० एमएम आणि एफ/८ ला फोकसमध्ये राहणारी मीटरभर खोली मिळते, तेवढ्यात काम होतं. ६०० चा हट्ट सोडा. कॅमेरा उभा धरा, पक्षी फ्रेमच्या वरच्या टोकाला ठेवा, खालचं पाणी आधीच फ्रेममध्ये येऊ द्या.

तो कधी सुटणार हे तोच सांगतो. पंख जोरात चालू असतात, अंग वर-खाली हलतं, पण डोकं एका जागी ठाम असतं आणि चोच सरळ पाण्याकडं. कधी कधी तो हातभर खाली येऊन पुन्हा थांबतो. हे झालं की बोट तयार ठेवा. पंख अंगाला मिटायला लागले की दाबा, पाण्याची वाट बघू नका. बऱ्याचदा तो विचार बदलून पुढं सरकतो, तेव्हा नव्यानं फोकस घ्या.

शटर १/३२०० च्या वर. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, काठावरच्या उन्हातल्या एखाद्या पांढऱ्या बगळ्यावर बेतून घ्या आणि ऊन बदलेपर्यंत हात लावू नका. गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो, छाती जळते ती त्यामुळं.

आणखी एक. मासा लहान असला तर कवड्या उडता उडताच गिळतो. मोठा मिळाला तर जाळ्यांसाठी रोवलेल्या बांबूवर नेऊन आपटतो. म्हणून बांबूजवळचं मोकळं पाणी धरा. माशांच्या पिल्लांचे थवे कुठं फिरतात ते कोळ्यांना विचारा, ते अचूक सांगतात. छातीवर दोन काळे पट्टे दिसले तर नर, एकच आणि मध्ये तुटलेला असेल तर मादी.

पाणथळ_प्रेमी
वरचं सगळं कवड्यासाठी बरोबर आहे, पण छोट्या निळ्या खंड्यासाठी ते चालत नाही. तो बहुतेकदा फांदीवरून तिरका सुटतो, अंतर सारखं बदलतं. मिररलेसमध्ये प्री-कॅप्चर असेल तर तेच वापरा, बोट दाबायच्या आधीच्या फ्रेमही कार्डावर येतात. फक्त सेन्सर हळू वाचणारा असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पंख वाकडे दिसतात, आधी तपासून घ्या. सोलापुरातल्या संभाजी तलावावर जाणार असाल तर जलपर्णी कुठं उघडली आहे ते बघूनच बसा. पानांखालचा मासा खंड्याला दिसत नाही, तो मोकळ्या पाण्यावरच येतो.

भीमाकाठ
पुढं उजनीला जाल म्हणून आत्ताच लिहितो. थंडीत तिथं मोरघार येते. ती पायांनी मासा धरते, पाण्यात पाय पुढं करूनच शिरते, आणि उडताना माशाचं तोंड पुढं करून नेते. तिला मात्र सतत फोकस आणि एका पॉइंटऐवजी मोठा झोन लागतो. नदी सुरय चोचीनं सूर मारतो, तोही बघण्यासारखा. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर तो जमिनीवरच अंडी घालतो. होडीवाल्याला बेटाजवळ न्यायला सांगू नका, आणि तो स्वतःहून नेत असेल तर थांबवा. आई-बाप उठले की आपल्याकडच्या उन्हात अंडी थोड्या वेळात खराब होतात. सुरय आता जगभरात धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. पाण्यात मासे सोडून पक्षी बोलावणारेही हल्ली भेटतात, त्यांच्यासोबत जाऊ नका.

विजापूररोडकर
मनापासून आभार. वाऱ्याचं तर कधी डोक्यातच आलं नव्हतं. बेटांचं लक्षात ठेवीन. शेवटचं एक: हे सगळं ट्रायपॉडवर करू की हातात धरून?

बांधावरचा
हातात धरून, काठावर बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून. पाण्याच्या जितकं जवळ आणि खाली बसाल तितकी मागची पाण्याची पार्श्वभूमी मऊ येते. हात दुखायला लागले तर मोनोपॉड घ्या, लेन्सची कॉलर (मोनोपॉडला जोडायची कडी) सैल ठेवा म्हणजे कॅमेरा उभा-आडवा झटक्यात होतो. रविवारी बांधावर गर्दी असते, आठवड्याच्या मधल्या दिवशी या.