कालात्रावाचं काय बघू, काय गाळू?

वाटसरू_७४:
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन दहा दिवस स्पेन आणि इटली. स्पॅनिश वास्तुरचनाकार सान्तियागो कालात्रावाची कामं बघायची फार दिवसांची इच्छा आहे. यादीत सेव्हिल, व्हॅलेन्सिया आणि व्हेनिस. एक गाळावं लागेल. आईचे गुडघे दुखतात. कोणतं गाळू?

गंजका_बोल्ट:
व्हेनिसचा पूल गाळा, सेव्हिलचा अलामिल्यो पूल मात्र सोडू नका. पुलांच्या आकडेमोडीत माझी तीस वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

१९९२च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला हा पूल. आपल्या सी लिंकला मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना केबल आहेत, एका बाजूची ओढ दुसरी बाजू सांभाळते. इथे १४२ मीटर उंच एकच खांब आणि केबलच्या १३ जोड्या, त्याही एकाच अंगाला. मागून धरायला काहीच नाही! खांबच मागे रेललाय, पोटात काँक्रीट भरून. रस्सीखेचीत शेवटचा गडी दोर कमरेला गुंडाळून रेलतो ना, तस्सा. त्याच्या वजनावर पुलाचा २०० मीटरचा अधांतरी भाग तोललाय. मी असतो तर मागे चार केबल ताणून मोकळा झालो असतो, आणि तो पूल बघायला कुणी विमानाने आलं नसतं.

पायवाट केबलच्या दोन रांगांमधून जाते. सकाळीच जा, वर सावली नाही.

चिंचेचं_झाड:
व्हेनिसबद्दल सहमत. २००८ साली पूल उघडला, पायऱ्यांना काच. ओल्या काचेवरून लोक घसरायला लागले, शेवटी २०२२ मध्ये पालिकेने काच काढून दगड बसवायचं ठरवलं. स्पेनमधल्या बिल्बाओतल्या कालात्रावाच्याच पुलावरही काचच होती, तिथे वर जाजम अंथरावं लागलं. माणूस एकदा चुकतो हो, पण दोनदा?

व्हॅलेन्सिया त्याचं गाव. १९५७च्या महापुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात बाग केली. त्याच पात्रात त्याचं कला-विज्ञान नगर आहे. चालायला सगळं सपाट, आईंना त्रास नाही. तिथलं डोळ्याच्या आकाराचं हेमिस्फेरिक हे चित्रपटगृह अंधार पडल्यावर बघा, खालच्या पाण्यात उरलेला अर्धा डोळा दिसतो.

वाटसरू_७४:
व्हेनिसचा पूल गाळला. आईला रस्सीखेचीचं वाचून दाखवलं. म्हणाली, "तीस वर्षं रेललाय बिचारा, त्याची कंबर कोण बघतंय?"