हे सोशल मीडियाच्या आधीपासूनचं आहे
'चळवळीत बोलायची भीती सोशल मीडियानं आणली' हे मत मला पटलं नाही. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७६ मध्येच 'मिझ' या स्त्रीवादी मासिकात यावर लेख लिहिला होता. (तेव्हा फोनलाही वायर असायची!) मतभेद सोडवण्यासाठी नव्हे, तर माणसालाच संपवण्यासाठी होणाऱ्या बदनामीबद्दल. त्यावर वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. बहुतेक पत्रांत स्वतःचे तसेच अनुभव.

दुखावणारे शब्द टाळावेत, मान्यच. पण आजही चळवळीच्या बैठकीत एखादा नवखा, आता दुखावणारा मानला जाणारा जुना शब्द वापरतो, त्याचा प्रश्न बाजूलाच राहतो आणि सगळे मिळून त्याची हजेरी घेतात. पुढच्या वेळी तो फिरकत नाही. जे येतात, ते नुसत्या माना डोलावतात.