बाबांचं किसान विकास पत्र, माझी एसआयपी, लेकाचा मोबाइल : तुमच्या घरची गोष्ट सांगा

शेवगा

मागच्या आठवड्यात बाबांचं कपाट आवरायला घेतलं. हिरव्या फायलीत १९८८ च्या किसान विकास पत्राची झेरॉक्स सापडली. योजना तेव्हा नवी होती, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. रात्री जेवताना कौतुकाने सांगितलं, तर लेकाने उष्ट्या हातानेच मोबाइलवर हिशोब केला. "वर्षाला १३.४ टक्के! आई, आजोबांनी पोस्टाच्या बाकावर बसून जे मिळवलं ते मला शेअर बाजारातही कुणी खात्रीने देणार नाही. आणि तेच मला सांगतात, जुगार खेळू नको."

बाबा म्हणाले, "फोनसाठी नंबर लावून आठ वर्षं थांबलो होतो, तेही मांड हिशोबात." मग ताकभात येईपर्यंत कुणी बोललं नाही.

लेकाचं अगदीच चूक नाही. पीपीएफवर १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के होते, आज ७.१ आहेत. महागाईही तेव्हा चढी होती हे तो विसरतो, आणि हातात शिल्लक किती उरायची हेही. मी मधली. नोकरी १९९६ ची, पेन्शन नावापुरती. १९९९ साली फ्लॅटचं कर्ज साडेतेरा टक्क्यांनी घेतलं आणि चार वर्षांनी दुसरीकडे वळवून आठ टक्क्यांवर आणलं. माझ्या आयुष्यातली एकमेव आर्थिक हुशारी म्हणजे ही, आणि तीही शेजारणीने सुचवलेली.

तर तुमच्या घरात धोका कोणी पत्करला, कोणी टाळला, आणि पडल्यावर झेललं कुणी? आकडे लिहिलेत तर उत्तम. बँका-कंपन्यांची नावं नकोत, भांडणं लागतात.

गावमंडळ

वडील गिरणीत. सतराव्या वर्षी सिंधुदुर्गातून आले. लालबागला गावमंडळाच्या खोलीत राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचं. रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाल्यांनी वळकटी उचलायची. ट्रंक ठेवायला जागा तेवढी स्वतःची. आधी बदली कामगार म्हणून रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. कायम व्हायला सहा वर्षं लागली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर. वडील संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या सभांना जायचे, परत येताना आमच्यासाठी शेंगदाण्याची पुडी आणायचे. उन्हाळ्यापर्यंत पुडी बंद झाली. आई पहिल्यापासून खानावळीचे डबे करायचीच. पूर्वी आठ माणसं होती, ती दोनावर आली, कारण जेवणारेही गिरणीतलेच. आम्हाला गावी पाठवलं. वडील वर्षभर कान गेटकडे लावून होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरात तो अजून चालू आहे असं मी गमतीने म्हणतो, पण वडिलांसमोर नाही.

२००१ मध्ये चार मित्र मिळून फॅब्रिकेशनचं युनिट काढणार होतो. माझा वाटा दीड लाखाचा. वडिलांनी दोन दिवस जेवण सोडलं. "महिन्याक पगार होयो" यापलीकडे त्यांच्याकडे मुद्दा नव्हता. मी महापालिकेत लागलो. मित्रांचं युनिट चाललं, आता दोन शेड आहेत. वडिलांवर राग होता, बरीच वर्षं. नंतर माझा मुलगा सतरा वर्षांचा झाला. त्याला कुर्ल्याला एकट्याने लोकलने पाठवताना माझ्या पोटात गोळा यायचा. तेव्हा लक्षात आलं, ट्रंक घेऊन या वयात एसटीत बसलेल्या माणसाला मी भित्रा म्हणत होतो.

कुरकुऱ्या

वाचतोय. पण शेवगाच्या लेकाच्या बोलण्यातला "आधीच्या पिढीला सगळं सुरक्षित मिळालं" हा सूर जरा अतिच होतो. युनिट ट्रस्टची यूएस-६४ विसरलात का? १९६४ पासूनची योजना. निम्म्या महाराष्ट्राने पोरींच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवले होते, आणि जुलै २००१ मध्ये युनिट परत घेणंच सहा महिन्यांसाठी बंद झालं. सरकारी म्हणजे सुरक्षित हा समज तिथे गेला. निदान जायला हवा होता.

खतावणी

मी या धाग्यावरचा म्हातारा दिसतोय. १९७८ ला बँकेत कारकून लागलो. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर गावोगाव शाखा निघत होत्या, माणसं हवी होती. बीकॉम दुसरा वर्ग, एक परीक्षा, एक मुलाखत. १९८४ ला डोंबिवलीत वन-रूम-किचन घेतलं, कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या कर्जावर. लोक म्हणत, काय धाडस! कसलं धाडस? हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा आणि पगार बंद होणं हे आमच्या कल्पनेतही नव्हतं.

माझी मुलगी-जावई दोघं मिळून माझ्या शेवटच्या पगाराच्या काही पट कमावतात. त्याच डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर घ्यायला वीस वर्षांचं कर्ज काढून बसलेत आणि दर तीन महिन्यांनी कुणाच्या तरी ऑफिसात माणसं काढल्याची बातमी ऐकतात. मी त्यांना काटकसरीवर व्याख्यान द्यायचो. आता देत नाही. बायकोने बंद करायला लावलं, खरं तर.

आता माझी कबुली. २०००-०१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, देशभरात लाखावर लोक बाहेर पडले. मीही पडलो, वय ४५. एकरकमी रक्कम हातात आली. तेवीस वर्षं लोकांच्या ठेवींच्या पावत्या लिहिलेला माणूस मी. मी काय केलं? निम्मे पैसे एका पतसंस्थेत ठेवले, कारण बँकेपेक्षा तीन टक्के जास्त मिळत होते आणि संचालकांपैकी एक जण आमच्या गणेशोत्सव मंडळातला. बँकेतल्या ठेवीला तेव्हा एक लाखापर्यंत विमा होता (२०२० पासून पाच लाख झालाय), पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हे मी काउंटरवर इतरांना समजावून सांगायचो! चौथ्या वर्षी संस्थेच्या दाराला कुलूप. मुद्दलातले चाळीस टक्के परत आले, तेही बारा वर्षांत, हप्त्याहप्त्याने. निवृत्तिवेतन नसतं तर आज हे लिहायला घरात इंटरनेट नसतं.

शेअर बाजाराला मी जन्मभर सट्टा म्हणालो. पतसंस्थेला कधी म्हणालो नाही, कारण तिथे चहा मिळायचा.

पाटल्या

खतावणीकाका, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आमच्याकडे उलट झालं. १९९२ चा मार्च. वडिलांच्या ऑफिसात शिपाईसुद्धा डबा खाताना भाव सांगायचे. शेअर बाजाराचा निर्देशांक ४००० च्या वर गेला होता. वडिलांनी आईच्या पाटल्या गहाण टाकून शेअर घेतले, "मे महिन्यात सोडवून आणतो" म्हणाले. एप्रिलअखेरीस हर्षद मेहताचा घोटाळा वर्तमानपत्रात आला. पाटल्या सुटल्या नाहीत. आईला हे दोन वर्षांनी कळलं, मामाकडच्या मुंजीला जाताना.

सगळेजण "आमच्या घराने रिस्क घेतली नाही" किंवा "घेतली" असं लिहिताय. घर म्हणजे कोण? आईला कुणी विचारलं होतं? तिने नंतर भिशी धरली, बारा बायकांची. पहिला नंबर कधी घ्यायची नाही, शेवटचा घ्यायची. त्यातून २००० साली साडेचार हजारांच्या आसपास तोळा होता तेव्हा परत पाटल्या केल्या आणि त्या बँकेच्या लॉकरमध्ये एकटीच्या नावावर ठेवल्या. आज तोळा लाखाच्या वर गेलाय. वडील कौतुकाने म्हणतात, "आपली गुंतवणूक बघ कशी वाढली." आई फक्त बघते त्यांच्याकडे.

शेवगा

पाटल्या, आईंना माझा नमस्कार सांगा.

बेदाणा

तासगाव भागातनं लिहितोय. द्राक्षबाग, सव्वादोन एकर. आमच्याकडं धोक्याला हंगाम म्हणत्यात.

आजोबा शाळू करायचे. खाऊन उरलं तर विकायचं. वडिलांनी ८६ साली बाग लावली तेव्हा आजोबांनी महिनाभर अबोला धरला. अँगल, तारा, मंडप, सगळं सोसायटीच्या कर्जावर. चौथ्या वर्षी पैसा दिसला, दहाव्या वर्षी घरावर स्लॅब टाकला. मग मी हातात घेतली. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की चार महिने आमच्या घरात कुणी गावाला जात नाही. फुलोऱ्यात पाऊस आला की दावण्या रोग येतो, आठ दिवसांत बागेचं होत्याचं नव्हतं. २०१९ ला तसंच झालं. नोव्हेंबरपर्यंत पाऊस हटला नाही, औषधाचेच दीड लाख गेले आणि निघाला माल ट्रॅक्टरभर. २०२१ ला माल चांगला आला, तर बाहेरचा दलाल सव्वातीन लाखांचा माल उचलून गेला आणि फोन बंद. लेखी काय? डायरीतलं पान.

म्हणून पोराला म्हटलं, यात पडू नको, नोकरी बघ. पोरगं पुण्याला सदाशिव पेठेत गेलं, स्पर्धा परीक्षेला. पाच वर्षं झाली. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास धरून महिन्याला बारा-तेरा हजार. जागा शेकड्यात, पोरं लाखांत. एकदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला सहा मार्कांनी गेलं. आता तुम्हीच सांगा, बाग लावणं धाडसाचं का ही परीक्षा? बागेत निदान काडी तरी उरती. त्याच्या आईला हे बोललो तर रडती, म्हणून इथं लिहिलं.

अनामिक

वय २७. आयडी वेगळा घेतलाय, घरचे इथे वाचतात.

मावसभावाला २०१० मध्ये कॉलेजातून सव्वातीन लाखांचं पॅकेज मिळालं होतं. मला २०२१ मध्ये साडेतीन. तेवढ्यात त्याने वाकडला फ्लॅट बुक केला होता, मी तिथेच तिघांत भाड्याने राहतो. बाबा म्हणतात दरमहा आरडी कर. केली. एक वर्षाची आरडी म्हणजे त्या फ्लॅटच्या बाथरूमची फरशी.

मग ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायचे सौदे. पहिल्या महिन्यात ३८ हजार कमावले, म्हणजे पगाराहून जास्त. तो महिना आला नसता तर बरं झालं असतं. दीड वर्षात चार लाख दहा हजार गेले, त्यातले दोन लाख मोबाइलवर तीन मिनिटांत मंजूर झालेल्या कर्जाचे. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगतो की तीन आर्थिक वर्षांत या प्रकारात ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींहून जास्त. मी तो वाचला होता. वाचून सातात आपण असू असं वाटलं होतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते रागावतील याची भीती नाही. ते एफडी मोडतील याची आहे.

खतावणी

अनामिक, सांग बाळा. उद्या नको, आजच. व्याज थांबत नाही. बाप एफडी मोडेल, मोडू दे. मीही माझ्या मुलीला बारा वर्षं काही सांगितलं नव्हतं, तिला संस्थेच्या नोटिशीवरून कळलं. ते जास्त वाईट होतं.

आवकजावक

तहसील कचेरीत लिपिक. मी मे २००६ ला रुजू, शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब जून २००५ ला. काम तेच, पंखा तोच. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे ते निवृत्तीनंतर नातवंडांच्या गोष्टी करतात आणि मी बाजारावर चालणाऱ्या नव्या पेन्शनची एनएव्ही (युनिटचा भाव) बघतो. मार्च २०२३ च्या संपात "एकच मिशन, जुनी पेन्शन" ओरडून घसा बसला होता. सासरे मात्र अजून पाहुण्यांना सांगतात, "जावई सरकारी आहेत, काळजी नाही."

पिढी वगैरे ठीक. आमच्याकडे पिढी अकरा महिन्यांत बदलली.

स्नोबूट

न्यू जर्सी. एच-१बी, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा. नोकरी गेली की साठ दिवस, तेवढ्यात दुसरी नाही मिळाली तर सामान बांधा. मागच्या वर्षी चौपन्नाव्या दिवशी मिळाली. त्या चौपन्न दिवसांत सांगलीच्या नातेवाइकांचे तीन फोन आले, मुलाला "सेटल" व्हायला इकडे कसं पाठवावं ते विचारायला. आई-बाबांना मी सुट्टीवर आहे असं सांगितलं होतं.

शेवगा

सगळं बाबांना वाचून दाखवलं, दोन संध्याकाळी लागल्या. अनामिकचं वाचताना ते उठून गॅलरीत गेले. परत आले ते ती हिरवी फाईल घेऊन. तळातला एक कागद काढून लेकाच्या हातात दिला, क्रेडिट सोसायटीच्या कर्जाचं जामीनखत. १९८१ चा. ऑफिसातल्या तिघांना बाबा जामीन राहिले होते. एकाने फेडलं नाही आणि बाबांच्या पगारातून चार वर्षं दरमहा नव्वद रुपये कापले गेले. तेव्हा त्यांचा पगार नऊशेच्या आत होता. आम्हाला, आईलासुद्धा, ओव्हरटाइम बंद झाला असं सांगितलं होतं. लेकाने विचारलं, का राहिलात? म्हणाले, "त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. नाही कसं म्हणणार?"

बेदाणा, त्यांनी तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. त्या दलालाने पैसे दिले का?

बेदाणा

काकांना नमस्कार सांगा. ऐंशी हजार आले, तेबी त्याच्या गावात जाऊन दोन दिवस दारात बसलो तवा. बाकीचं सोडलं. औंदा छाटणी पंधरा दिवस उशिरा घेतलीय, बघू. पोरगं दिवाळीला आलंय. सकाळपास्नं माझ्याबरोबर बागेत हाय, काय बोलना.