शब्दचर्चा: मुसोलिनीची इटली आणि आपली एकटी 'हुकूमशाही'

टिपणवही :
मुसोलिनीच्या काळातली राज्ययंत्रणा आणि त्या यंत्रणेखालचं रोजचं जगणं यावर मराठीत एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. माहितीची अडचण नाही, शब्दांची आहे. २८ ऑक्टोबर १९२२ च्या रोमवरील मोर्चापासून (त्यानंतर मुसोलिनी सत्तेवर आला) २५ जुलै १९४३ पर्यंतच्या (त्या दिवशी तो पडला) काळाला इटालियन लोक 'व्हेन्तेन्नियो' म्हणतात, म्हणजे सरळ 'वीस वर्षं'. त्या वीस वर्षांत कारभाराचे, शिक्षेचे, फावल्या वेळेचे, अगदी एकमेकांना हाक मारण्याचेही शब्द बदलले. मराठीत आपण या सगळ्यावर 'हुकूमशाही' एवढं एकच पांघरूण घालतो.

'हुकूमशाही' या शब्दात हुकूम सोडणारा दिसतो. शपथेवर सही करणारा प्राध्यापक, नोकरीसाठी पक्षाचं कार्ड घेणारा कारकून, कवायतीला जाणारं पोर यांच्यातलं कोणी दिसत नाही. माझ्या मते लेखाचा खरा विषय हीच माणसं आहेत. म्हणून विचारते : तोतालितारियो (सगळंच ताब्यात घेणारी राजवट), पोदेस्ता (नगराचा कारभारी), कॉनफिनो (एका जागी बांधून ठेवण्याची शिक्षा), दोपोलाव्होरो (कामगारांच्या फावल्या वेळेची संस्था) आणि कॉन्सेन्सो (लोकांची संमती) यांना मराठीत काय म्हणावं? आणि सुरुवातीलाच, फॅसिझम लिहावं की फाशीवाद?

ओसरी :
फाशीवाद अजिबात नको. वाचणाऱ्याला गळफास आठवतो आणि व्युत्पत्तीच बदलून जाते. 'फाश्शो' म्हणजे मोळी, जुडी. प्राचीन रोममध्ये दंडाधिकाऱ्यापुढे चालणारे सेवक काठ्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड घेऊन चालत. ते अधिकाराचं चिन्ह. पण मुसोलिनीने हा शब्द थेट रोमकडून घेतला असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात इटलीत 'फाश्शो' म्हणजे जूट, संघटना. १८९१ ते १८९४ मध्ये सिसिलीतल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी जमीनदारांविरुद्ध जे 'फाशी' उभारले (फाश्शोचं अनेकवचन इटालियनमध्ये 'फाशी' होतं, गोंधळ तिथूनच!), ते समाजवादी विचाराचे होते. २३ मार्च १९१९ ला मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकाजवळ मुसोलिनीने आपली 'लढाऊ जूट' स्थापली तेव्हा हा शब्द लोकांच्या ओळखीचा होता. कुऱ्हाडीचं चिन्ह नाण्यांवर आणि सरकारी इमारतींवर पुढे आलं. म्हणून 'फॅसिझम' हे रूपच ठेवा आणि एकदा 'मोळी' समजावून सांगा.

जाता जाता, मुसोलिनीच्या टोळीवाल्यांसाठी 'काळे डगलेवाले' ही मराठीतली जुनी शब्दयोजना टाळा. तो सदरा होता, डगला नाही.

पानगळ :
'तोतालितारियो'बद्दल सविस्तर लिहितो, कारण हा शब्द विरोधकांनी घडवला हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. जोव्हान्नी आमेन्दोला हा उदारमतवादी नेता आणि पत्रकार. मे १९२३ मध्ये 'इल मोंदो' या दैनिकात त्याने स्थानिक निवडणुकांविषयी तो वापरला. तेव्हा जिंकणाऱ्या यादीला बहुमताच्या जागा आणि दुसऱ्या यादीला अल्पमताच्या जागा, अशी पद्धत होती. फॅसिस्टांनी काही ठिकाणी दोन्ही याद्या आपल्याच दिल्या. म्हणजे सत्ताधारीही तेच आणि विरोधकही तेच. आमेन्दोलाने याला 'सगळंच गिळणारी पद्धत' या अर्थाने नाव दिलं. दोन वर्षांनी, जून १९२५ मध्ये, मुसोलिनीने पक्षाच्या अधिवेशनात 'आमची उग्र, सर्वंकष इच्छाशक्ती' असं म्हणत तोच शब्द अभिमानाने उचलला. पुढच्याच महिन्यात आमेन्दोलाला फॅसिस्ट टोळीने बेदम मारलं. त्या दुखण्यातून तो उठला नाही, एप्रिल १९२६ मध्ये फ्रान्समध्ये वारला. ज्याने शब्द दिला त्याचा शेवट असा झाला, हे लेखात यायलाच हवं.

मराठीत 'सर्वंकष' चालतो आणि चांगला चालतो. आज आपण 'सर्वंकष विकास' म्हणतो, पण मूळ संस्कृतात 'सर्वंकष' म्हणजे सर्वांना घासणारा, रगडणारा. तो अर्थ इथे नेमका बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. सर्वंकष ही त्या राजवटीची आकांक्षा होती, वस्तुस्थिती पूर्ण तशी नव्हती. राजा होता आणि सैन्याची निष्ठा त्याच्याकडे होती. चर्च होतं, ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटेरन करारांनी ते आणखी भक्कम झालं, आणि १९३१ मध्ये कॅथलिक युवक संघटनांवरून पोप आणि मुसोलिनी यांच्यात उघड भांडण झालं. शेवटी जुलै १९४३ मध्ये फॅसिस्ट महापरिषदेनेच मुसोलिनीविरुद्ध ठराव केला आणि काही तासांतच राजाने त्याला अटक करवली. हिटलरला बाजूला सारणारं असं दुसरं घटनात्मक केंद्र जर्मनीत उरलं नव्हतं. दोन्हीकडे डोळे मिटून 'सर्वंकष राजवट' लिहिलं तर हा फरक पुसला जातो.

टिपणवही :
हे फार उपयोगी आहे. 'सर्वंकष आकांक्षा' असंच लिहीन. पोदेस्ताचं काय? 'महापौर' लिहिलं होतं, पण पटत नाही.

ओसरी :
महापौर नको. महापौर निवडून येतो आणि नेमकं तेच १९२६ मध्ये बंद केलं. आधी लहान गावांतून, मग त्याच वर्षी सगळ्या नगरांतून निवडलेले महापौर आणि नगरसभा गेल्या. त्यांच्या जागी वरून नेमलेला एकच माणूस आला. त्याला 'पोदेस्ता' हे मध्ययुगीन नगरराज्यांतलं नाव दिलं. आपल्याकडे नेमलेल्याला 'प्रशासक' म्हणतात, पण तो तात्पुरता समजला जातो. 'नेमलेला नगरप्रमुख' लिहा आणि पुढे 'पोदेस्ता' ठेवा.

याच्या मागची टोळीबाजीही सांगा. १९२० ते १९२२ मध्ये पो नदीच्या खोऱ्यात, बोलोन्या-फेरारा भागात, समाजवाद्यांनी जिंकलेल्या नगरसभा, मजूरसंघांची कार्यालयं, सहकारी संस्था यांच्यावर रात्री ट्रकमधून हल्ले होत. हातात 'मान्गानेल्लो', म्हणजे सोटा, आणि सोबत एरंडेल तेल. पकडलेल्या माणसाला जबरदस्तीने एरंडेल पाजायचं आणि गावासमोर त्याची लाज काढायची. इथे 'एरंडेल'च लिहा, 'कॅस्टर ऑइल' नको. मराठी वाचकाच्या पोटात गोळा यायला तो शब्द पुरे. या टोळ्यांच्या प्रांतिक म्होरक्यांना 'रास' म्हणत, इथिओपियातल्या सरदारांच्या पदवीवरून. फेराराचा इतालो बाल्बो, क्रेमोनाचा फारिनाच्ची हे त्यातले. 'सुभेदार' म्हणावंसं वाटेल, पण सुभेदाराला वरून सनद मिळते; रास स्वतःच्या सोट्याच्या बळावर मोठा झालेला असे. जानेवारी १९२७ मध्ये मुसोलिनीने प्रांताधिकाऱ्यांना परिपत्रक काढून बजावलं की प्रांतात सर्वोच्च अधिकारी तेच, पक्षानेही त्यांच्या हाताखाली राहायचं. तेव्हा या रासांची सद्दी ओसरू लागली.

दक्षिणवारा :
कॉनफिनोवर मी बोलते. 'तडीपारी' आणि 'हद्दपारी' दोन्ही चुकीचे. तडीपार माणसाला एक हद्द सोडावी लागते, बाकी मुलूख त्याला मोकळा. कॉनफिनोत उलटं : एकाच ठिकाणी राहायचं, बाकी सगळं बंद. आपला 'स्थानबद्ध' शब्द यासाठी तयार आहे. १९२४ पासून सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात ठेवलं ती 'स्थानबद्धता', त्यामुळे वाचकाला अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

तरीही यंत्रणा समजावून सांगा. नोव्हेंबर १९२६ च्या कायद्यानुसार न्यायालयाची गरजच नव्हती. प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची एक समिती बसायची आणि पाच वर्षांपर्यंत कुठेही पाठवायची. मुदत संपली की पुन्हा वाढवता यायची. उस्तिका, लिपारी, पोन्झा, व्हेन्तोतेने ही बेटं, किंवा दक्षिणेतलं एखादं रस्ता नसलेलं डोंगरी गाव. ठरलेल्या वेळी हजेरी, रात्री बाहेर पडायला बंदी. गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे, 'धोकादायक' वाटणं पुरे. कम्युनिस्ट नेता अंतोनियो ग्राम्शी याला आधी उस्तिकावर धाडलं, मग राजद्रोह वगैरे आरोप ठेवून विशेष न्यायाधिकरणाने १९२८ मध्ये वीस वर्षांहून जास्त कैद दिली. सुटका जवळ आली तोवर शरीर संपलं होतं. २७ एप्रिल १९३७ ला तो गेला. म्हणून 'स्थानबद्धता' आणि 'कैद' या दोन शिक्षा लेखात वेगळ्या ठेवा.

गुप्त पोलिसांच्या 'ओव्हरा' या नावाचा भाषांतरात विस्तार करू नका. त्या अक्षरांचा अर्थ राजवटीने कधी अधिकृतपणे सांगितलाच नाही, आणि न सांगण्यातच धाक होता.

मांडवीकाठ :
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला सर्रास फॅसिस्ट म्हणतात. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. सालाझारने १९३४ मध्ये स्वतःच्या देशातल्या निळ्या सदऱ्याच्या फॅसिस्टांची संघटना बंद केली होती. पण ज्यांनी ती राजवट सोसली त्यांचा शब्द मी खोटा ठरवणार नाही. छापायच्या आधी सगळं सेन्सॉरकडे जायचं, लग्नपत्रिकासुद्धा. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात नेलं. आपल्याच राज्यकर्त्यांच्या दूरच्या किल्ल्यात नेऊन टाकणं याला 'हद्दपारी' म्हणायचं की 'स्थानबद्धता'? आमच्याकडे 'काळे पाणी'ही म्हणत नाहीत. माझं मत, 'पोर्तुगालला नेऊन कैद' असं साधं लिहावं.

पानगळ :
पटलं. काही अनुभवांना एक शब्द शोधण्यापेक्षा वाक्य बरं.

तसाच 'दोपोलाव्होरो'. शब्दशः 'कामानंतर'. १९२५ मध्ये स्थापन झालेली ही राष्ट्रीय संस्था होती. तिच्याकडे सहली, भजनी मंडळासारखी गाणारी मंडळं, नाटकं, खेळ, स्वस्त रेल्वे तिकिटं. त्यातली बरीच ठिकाणं आणि साधनं मोडून टाकलेल्या मजूरसंघांकडून घेतलेली. मजुराला आधी स्वतःचा क्लब होता, तो जाळला. मग सरकारने क्लब दिला. 'करमणूक केंद्र' म्हटलं तर हा इतिहास झाकला जातो. 'सरकारी कामगार क्लब' म्हणा.

मुलांच्या 'बालिल्ला' संघटनेचं नाव तसंच ठेवा. जेनोआत १७४६ मध्ये ऑस्ट्रियन सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या पोराच्या टोपणनावावरून ते घेतलं. इथे महाराष्ट्राचा खरा धागाही आहे : हिंदुमहासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये रोमला थांबले, बालिल्लाच्या संस्था पाहिल्या, मुसोलिनीला भेटले आणि रोजनिशीत कौतुकाने लिहिलं. त्यांनी काढलेली नाशिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ ची. मराठी लेखात हे यावंच.

दक्षिणवारा :
हाक मारण्याच्या शब्दांबद्दल कोणी लिहिलं नाही. मराठी वाचकाला हे लगेच भिडेल, कारण आपल्याकडेही तू, तुम्ही, आपण आहेत. इटालियनमध्ये आदरार्थी 'लेई' आहे, मूळ अर्थ 'ती'. पक्षाचा सचिव आकिले स्ताराचे याच्या काळात, १९३८ मध्ये, 'लेई' परकं आणि बायकी ठरवून 'व्होई' (तुम्ही) वापरायचा आदेश निघाला. कचेरीत, शाळेत, पत्रव्यवहारात. 'लेई' नावाचं स्त्रियांचं मासिक होतं. तिथे त्या शब्दाचा अर्थ सरळ 'ती' होता, तरी त्याला नाव बदलून 'आन्नाबेल्ला' व्हावं लागलं. काही माणसं मुद्दाम 'लेई' म्हणत राहिली, तो त्यांचा विरोध होता.

सीमाभागात हे आणखी खोल गेलं. त्रिएस्ते भागातल्या स्लोव्हेन लोकांची आडनावं बदलली : 'व्होदोपिव्हेत्स'चं 'बेव्हिलाक्वा', दोन्हींचा अर्थ पाणी पिणारा. दक्षिण टिरोलमध्ये जर्मन शाळा बंद झाल्या, श्टेर्झिंग गावाचं व्हिपितेनो झालं. याला 'नामांतर' म्हणू नका. नामांतर या शब्दामागे आपल्याकडे मराठवाड्यात लोकांनी मागून, सोसून मिळवलेली गोष्ट आहे. इथे 'नाव काढून घेणं' म्हणा.

टिपणवही :
'नाव काढून घेणं' घेतलं. आता शेवटचा, सगळ्यांत अवघड : कॉन्सेन्सो. त्या काळात लोकांची 'संमती' होती का, हा इटलीतला मोठा वाद. 'संमती' लिहिलं की लोक खुशीत होते असं वाटतं, 'मूकसंमती' लिहिलं की भित्रे होते असं.

ओसरी :
'होकार' लिहा. होकार मनापासून असतो, भीतीने असतो, पोटासाठी असतो; शब्द तिन्हींना जागा देतो. २४ मार्च १९२९ चं मतदान बघा. चारशे उमेदवारांची एकच यादी, उत्तर फक्त हो किंवा नाही. दोन वेगळ्या चिठ्ठ्या. 'हो'ची तिरंगी, 'नाही'ची पांढरी. कोणती उचलली हे कळायला फार कष्ट नकोत. सुमारे ८५ लाख 'हो', 'नाही' सव्वा लाखाच्या थोडं वर. १९३४ मध्ये 'नाही' पंधरा हजारांच्या आसपास. म्हणून याला 'निवडणूक' म्हणू नये, 'सार्वमत'ही नाही. 'होकार घेणं' म्हणावं.

१९३१ मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली. बाराशेहून अधिक प्राध्यापक. नकार दिला डझनभरांनी. गणिती व्हितो व्होल्तेर्रा त्यांतला एक, त्याची जागा गेली. सही करणाऱ्यांत फॅसिझमचा तिटकारा असलेलेही पुष्कळ होते. त्यांच्या सहीला काय म्हणायचं? होकारच. आणि मग लेखात प्रत्येक वेळी सांगायचं, कशामुळे.

पानगळ :
एका शब्दाबद्दल इशारा देऊन ठेवतो, भाषांतरात हमखास फसाल. १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यू मुलांना सरकारी शाळांतून, शिक्षकांना नोकरीतून काढलं, ज्यू आणि 'आर्य' इटालियन यांच्या लग्नांना बंदी घातली. त्या कागदपत्रांत 'दिस्क्रिमिनात्सियोने' हा शब्द वारंवार येतो. कोशात पाहून 'भेदभाव' लिहाल. तिथे अर्थ उलट आहे : युद्धात मेलेल्याचं कुटुंब, लष्करी पदक मिळवलेला, पक्षाचा जुना सभासद अशा ज्यूंना काही कलमांतून दिलेली सूट. 'दिस्क्रिमिनातो' म्हणजे सूट मिळालेला. ती मिळवायला माणसं अर्ज करत, वडिलांची पदकं जोडत. मराठीत 'सवलत' लिहा, आणि त्याच ओळीत हेही की तिने फारसं काही वाचलं नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये सरकारने ज्यूंची वेगळी गणना करून याद्या केल्या होत्या. १९४३ च्या शरदात जर्मनांनी देश व्यापला तेव्हा त्या नोंदी कचेऱ्यांत तयार होत्या, आणि १६ ऑक्टोबरला एकट्या रोममध्ये हजारावर माणसं पकडून पुढे ऑश्विट्झला नेली. 'सवलत' मिळाली होती की नाही हे तेव्हा कोणी पाहिलं नाही.

टिपणवही :
हा अर्थ मला माहीतच नव्हता. मसुद्यात दोन ठिकाणी 'भेदभाव' लिहिलं आहे, आजच बदलते. 'कॉर्पोरेट राज्य' आणि 'जेरार्का' (पक्षाचा बडा अधिकारी) यांसाठी वेगळा धागा काढते. 'कॉर्पोरेट' म्हटलं की आज सगळ्यांना कंपन्याच आठवतात, तिथे मात्र अर्थ धंदेवार संघांचा आहे.