धान्य कायदे कोणी उठवले: मँचेस्टरच्या संघटनेने की आयर्लंडच्या बटाट्याने?

मूळ धागा

इंग्लंडमधील धान्य कायदे (‘कॉर्न’ म्हणजे येथे मका नव्हे, मुख्यतः गहू) १८४६ मध्ये रद्द झाले, त्याचे श्रेय बहुधा आयर्लंडमधील बटाट्याच्या रोगाला आणि पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या मतपरिवर्तनाला दिले जाते. मला ते पटत नाही.

नेपोलियनशी चाललेले युद्ध संपताच, १८१५ मध्ये, जमीनदारांनी भरलेल्या संसदेने असा कायदा केला की देशी गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे साधारण सव्वादोनशे किलोला, ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी गहू बाजारात येऊ नये. १८२८ मध्ये या बंदीऐवजी भावानुसार चढउतार होणारे शुल्क आले, पण पाव महागच राहिला. याविरुद्ध मँचेस्टरमध्ये १८३८ साली संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिची देशव्यापी लीग, म्हणजे संघ, झाली. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट हे तिचे प्रमुख वक्ते होते.

लीगचे खरे कर्तृत्व व्यासपीठाबाहेरचे आहे. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली आणि लीगने मतदारांच्या घरी पत्रकांचे गठ्ठे धाडले. काउंटीत, म्हणजे ग्रामीण जिल्ह्यांच्या मतदारसंघांत, वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची मालकीची जमीन असणाऱ्याला मत होते, म्हणून तिने समर्थकांना असे तुकडे विकत घ्यायला लावून जमीनदारांच्याच मतदारसंघांत नवे मतदार तयार केले. कायद्यातली फट शोधून तिच्यातून मतदार घडवणारी अशी चळवळ त्याआधीची मला आठवत नाही.

प्रतिसाद १

लीगच्या कौशल्याबद्दल वाद नाही. ती कोणाची होती, याबद्दल आहे. कॉब्डेन छापील कापडाचे कारखानदार, ब्राइट रॉचडेलच्या गिरणीमालकांच्या घरातले. पाव स्वस्त झाला की मजुरीही उतरवता येईल, हा मालकांचा हिशेब चार्टिस्ट, म्हणजे मताधिकाराच्या चळवळीतल्या, कामगारांनी तेव्हाच ओळखला होता आणि ते लीगच्या सभांमध्ये जाऊन तसे बोलून दाखवत, प्रसंगी सभा उधळूनही लावत. त्यांची पहिली मागणी मताधिकाराची होती. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर याच मागणीसाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घातले गेले, आणि त्याच मैदानावर पुढे लीगचे फ्री ट्रेड हॉल उभे राहिले. मागणी एकाची आणि वास्तू दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

प्रतिसाद २

मूळ लेखात संसदेचा विचार कमी पडला आहे. खासदार चार्ल्स व्हिलियर्स कायदे रद्द करण्याचा ठराव वर्षानुवर्षे मांडत आणि तो मोठ्या फरकाने पडे. १८४१ च्या निवडणुकीत तर पील यांचा, आयातशुल्काने देशी शेतीला संरक्षण देऊ पाहणारा पक्षच निवडून आला. चित्र पालटले ते १८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडच्या गरिबांचे मुख्य अन्न असलेला बटाटा सडू लागल्यावर. पील यांच्या पक्षातील सुमारे दोनतृतीयांश खासदार विरोधात गेले, विधेयक विरोधकांच्या मतांवर तरले, आणि लॉर्ड्सने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ते संमत केले त्याच रात्री, २५ जून १८४६ रोजी, आयर्लंडविषयीच्या दुसऱ्या विधेयकावर पील यांचा पराभव झाला. लीगला हे करणे सात वर्षांत जमले नव्हते.

धागालेखक

प्रतिसाद २ मधील घटनाक्रम बरोबर आहे, निष्कर्ष नाही. केवळ दुष्काळासाठी बंदरे काही महिने खुली करणे पुरेसे होते. पील यांनी मात्र शुल्क कायमचे उठवण्याचा मार्ग धरला, तोही टप्प्याटप्प्याने, १ फेब्रुवारी १८४९ रोजी नाममात्र एक शिलिंगावर येईल असा. उपाशी माणसाला तीन वर्षांनंतरची तारीख काय उपयोगाची? एकदा खुली केलेली बंदरे पुन्हा बंद करता येणार नाहीत, हे पील जाणून होते, आणि ती अशक्यता लीगने निर्माण केली होती. पद सोडतानाच्या भाषणात या यशाशी जोडले जावे असे नाव म्हणून त्यांनी कॉब्डेन यांचेच नाव घेतले.

प्रतिसाद ३

एक आपल्याकडचा धागा जोडतो. लीगच्याच विचाराचे जेम्स विल्सन यांनी १८४३ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले; तेच विल्सन १८५९ मध्ये हिंदुस्थानचे अर्थसदस्य (व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थखात्याचे प्रमुख) होऊन आले आणि १८६० मध्ये आपल्यावर प्राप्तिकर बसवून त्याच वर्षी कलकत्त्यात वारले. मुक्त व्यापाराचे सूत्र इंग्लंडमध्ये पावापुरते होते, येथे ते मँचेस्टरच्या कापडासाठी वापरले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, एका देशाच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम सर्वत्र लागू होत नाहीत, असे मांडले ते याच अनुभवातून.

प्रतिसाद १

धागालेखकांना एवढेच विचारतो. १९०३ मध्ये ब्रिटिश राजकारणी जोसेफ चेंबरलेन यांनी आयातशुल्काची मागणी पुन्हा काढली, तेव्हा १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने मोठा पाव आणि छोटा पाव शेजारी ठेवलेली चित्रे भिंतींवर लावली आणि प्रचंड बहुमत मिळवले. तो पाव खाणाऱ्या पुष्कळ कामगारांना तोवर मत मिळालेले होते. १८४६ मध्ये ज्यांच्या नावाने लीग बोलत होती, त्यांपैकी किती जणांना ते होते?